इंगोले मॅडमचे काप

इंगोले मॅडमच्या खोलीत छताला पंखा होता, पण त्याला पाती नव्हती. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती उतरवून कपाटामागे उभी करून ठेवली. नुसतं बटण बंद ठेवून भागलं नसतं का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "उन्हाळ्यात माणूस सवयीनं बटन दाबते, सर. त्याचा काही दोष नाई. पातीच नसली म्हंजे दाबलं तरी कोनाचं काही बिघडत नाई."

आमच्या वाशिम जिल्ह्यात मे महिन्यात पंख्याविना बसणं ही शिक्षा समजली जाते. मॅडम त्या खोलीत दिवसचे दिवस बसत आणि घामाबद्दल कधी बोलत नसत. त्यातून एक फायदा असा झाला की त्या खोलीत कधी कोणी भाषण केलं नाही. आमच्या महाविद्यालयात अशी दुसरी जागा नव्हती. पाण्याच्या टाकीचंसुद्धा रीतसर उद्घाटन झालेलं होतं आणि त्या टाकीला उद्देशून अध्यक्ष बराच वेळ बोलले होते.

महाविद्यालयाचं नाव सांगत नाही. तालुक्याच्या गावाबाहेर, रस्त्याकडेला, कमानीवर संस्थापकांचा अर्धपुतळा असलेली अशी बरीच महाविद्यालयं आपल्याकडे आहेत. वाचणाऱ्याने आपापलं घ्यावं. मी तिथे इतिहास शिकवत होतो. मॅडम वनस्पतिशास्त्राच्या. मूळ कामरगावच्या, पण नागपूरला एका संशोधन संस्थेत त्यांची बरीच वर्षं गेलेली. तिथे त्यांचं काम एकच होतं: काप काढणं.

हे काप म्हणजे काय ते सांगायला हवं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एखादी गोष्ट पाहायची तर ती इतकी पातळ लागते की इलेक्ट्रॉन आरपार जावेत. त्यासाठी नमुना आधी कडक राळेत घट्ट बसवतात आणि अल्ट्रामायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे काप काढतात. किती पातळ, हे मॅडम पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगत, "डोक्यावरचा एक केस घ्या. त्याच्या जाडीत हजारावर काप बसले पायजेत." मुलं केस चाचपत. काप निघाला की तो सुरीच्या धारेला लागून असलेल्या इवल्याशा होडीतल्या पाण्यावर तरंगतो, त्याच्यामागे दुसरा, तिसरा, अशी पट्टी तयार होते. तो इतका हलका असतो की कोणी जवळ शिंकलं तर सकाळपासूनचं काम होडीच्या कडेला जाऊन चिकटतं. पंख्याची पाती म्हणूनच उतरली होती. पट्टी हलवायला चिमटा चालत नाही. काडीला चिकटवलेला पापणीचा केस लागतो. मॅडमनी म्हशीची पापणी वापरून पाहिली होती. ती जाड निघाली. शेवटी स्वतःचीच वापरत.

कापाची जाडी रंगावरून कळते. पाण्यावर तो चांदीसारखा दिसला तर उत्तम. सोनेरी दिसला तर जरा जाड. जांभळा दिसला तर फेकून द्यायचा. चांदीपेक्षा सोनं कमी प्रतीचं, हे आमच्या लोकांना शेवटपर्यंत पटलं नाही. एकदा प्राचार्य कौतुकाने डोकावले आणि "वा, सोनं निघतंय की," असं म्हणाले. मॅडमनी ती अख्खी पट्टी त्यांच्यादेखत टाकून दिली.

त्यांचं यंत्र जुनं होतं. नागपूरच्या संस्थेने नवं घेतल्यावर हे भंगारात जायचं होतं. मॅडमनी लिहून-भांडून ते मागून घेतलं आणि जीपमध्ये गादीवर निजवून आणलं. सोबत हिऱ्याची सुरी. मायक्रोस्कोप अर्थातच नागपूरलाच राहिला. काप इथे निघत, तांब्याच्या टिकलीएवढ्या जाळीवर उचलले जात, डबीत बंद होऊन मॅडमच्या पर्समधून एसटीने नागपूरला जात आणि फोटो होऊन परत येत. नागपूर सोडून इथे का आलात, असं जो तो विचारी. मॅडम सांगत, "तिकडं मेट्रोनं टेबल हालते."

हे लोकांना विनोद वाटे. तो नव्हता. यंत्र कुठे ठेवायचं हे ठरवायला त्या आल्या तेव्हा हातात पाण्याने भरलेली स्टीलची वाटी घेऊन अख्खं महाविद्यालय फिरल्या. प्रत्येक खोलीत जमिनीवर वाटी ठेवायची, बाजूने टॉर्च धरायचा आणि पाण्यावरची लहर पाहायची. प्रयोगशाळेत रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक पाण्यात उमटे. ग्रंथालयात ट्रॅक्टर उमटे. पाणी अगदी तसूभरही हललं नाही ते प्राचार्यांच्या दालनात. मॅडमनी वाटीकडे बराच वेळ पाहिलं आणि वर मान करून म्हणाल्या, "इथं काहीच होत नाई."

प्राचार्यांनी दालन सोडलं नाही. मग दुसऱ्या क्रमांकाची स्थिर जागा शोधली गेली. ती मागच्या बाजूची अडगळीची खोली होती आणि तीत आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांची मानपत्रं, मानचिन्हं, तलवारी आणि फेटे साठवलेले होते. माणसाचा गाडाभर सत्कार करावा आणि तो सगळा अडगळीत साठवून ठेवावा, अशी आमची पद्धत. मॅडमनी ते सगळं जिन्याखाली हलवून घेतलं. आबासाहेबांना ते लागलं. तसे ते दुष्ट नव्हते. फोटो निघत असेल तर कोणाचंही भलं करायला ते तयार असत.

मॅडमचं दिसणं साधं. सुती साडी, पदर कमरेला असा खोचलेला की त्याने जराही वारा हलू नये. तासन्तास यंत्राला डोळे लावून बसल्याने डोळ्यांभोवती गोल वळ उठत आणि तशाच त्या स्टाफ मीटिंगला येऊन बसत. घुबडासारख्या दिसत, हसायची कोणाची छाती नव्हती. बोलत वऱ्हाडी. वर्गात, शिपायाशी, शिक्षणखात्याच्या साहेबाशी, सगळीकडे तीच. पण राग आला की त्या एकदम पुस्तकी प्रमाण मराठीत जात, सगळे ण आणि ळ जागच्या जागी. त्यांनी "आपण" म्हणून सुरुवात केली की शहाणी माणसं आपापल्या तासाला निघून जात.

हिऱ्याच्या सुरीची गावात जी चर्चा झाली तिला तोड नव्हती. कॉलेजात हिरा आहे, ही बातमी आठवडी बाजारात पोचली तेव्हा तो आवळ्याएवढा झाला होता. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावचे एक सराफ मुद्दाम भिंग घेऊन आले. मॅडमनी डबी उघडून धातूच्या ठोकळ्यात बसवलेली ती तांदळाच्या दाण्याएवढी धार दाखवली, हात लावू दिला नाही. सराफांनी पाहिलं, भिंग खिशात घातलं आणि विचारलं, "एवढाच?" मॅडम म्हणाल्या, "धार पाहा ना काका, हिरा काय पाहता." त्यांनी चहा घेतला आणि निराश होऊन गेले.

या खोलीत मॅडमखेरीज एकच माणूस रोज येई: गजानन. शिरपूरजवळच्या एका तांडावजा वस्तीतला, प्रयोगशाळा परिचर, कंत्राटावर. कंत्राट दर वर्षी नव्याने मिळे आणि कायम करण्याचं आश्वासनही दर वर्षी नव्याने मिळे. मॅडम त्याला गजाभाऊ म्हणत. गजाभाऊ भाविक. मॅडम बौद्ध घरातल्या. पूजाअर्चा त्यांच्या आईवडिलांच्याही आधी घरातून गेलेली. त्यामुळे पहिल्या खंडेनवमीला, म्हणजे सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात त्या दिवशी, गजाभाऊ झेंडूची फुलं घेऊन दारात अवघडून उभा राहिला. मॅडमनी थोडा विचार केला आणि तह ठरवला. यंत्रावर कापडी खोळ राहील. कुंकू टेबलाच्या पायाला. फूल खोळीवर, एकच, परागकण झटकून. उदबत्ती व्हरांड्यात. सुरीची डबी बंद. गजाभाऊने पूजा केली, मॅडमनी प्रसादाचा पेढा खाल्ला, आणि हा तह वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंनी पाळला गेला. सर्वधर्मसमभावावर आमच्याकडे पुष्कळ व्याख्यानं झाली. त्यातलं एकही मला आता आठवत नाही.

मग एका खंडेनवमीला आबासाहेबांना विज्ञानाची आठवण झाली.

त्या सकाळी मॅडम कामरगावला होत्या. अध्यक्ष प्रयोगशाळेत शस्त्रपूजन करणार आहेत, फोटोसाठी या, असा निरोप मिळाला आणि त्या पहिल्या गाडीने निघाल्या. त्या पोचेपर्यंत आबासाहेब, प्राचार्य आणि फोटोग्राफर खोलीत शिरले होते. पायाला कुंकू लावण्यात फोटो काय येणार? शस्त्र कुठे आहे, असं आबासाहेबांनी विचारलं. प्राचार्यांनी गजाभाऊला डबी उघडायला सांगितलं. गजाभाऊने उघडली आणि म्हणाला, "साहेब, धारेले हात नका लावू." हे तिथे असलेल्या प्रत्येकाने ऐकलं. आबासाहेबांनी अनामिका कुंकवात बुडवली आणि नेमकी धारेवर टेकवली. कुंकू जरा जास्त झालं, फोटोत बरं दिसेना, म्हणून खिशातून रुमाल काढून त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा लावलं. मॅडम दारात पोचल्या तेव्हा रुमाल धारेवरून फिरत होता.

त्या ओरडल्या नाहीत. पुढे झाल्या, डबी उचलली आणि बंद केली. फोटो निघालेले होते.

हिरा कशालाही कापतो, पण त्याची ही धार इतकी बारीक असते की बोट, कापड, कशानेही तिला दाते पडतात. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्या सुरीने एक नमुना कापून पाहिला. त्यांचं संशोधन तुरीच्या मुळांवरच्या गाठींचं. त्या गाठींत जिवाणू दाटीवाटीने राहतात आणि हवेतला नत्र झाडाला देतात. नागपूरहून फोटो आले. प्रत्येक जिवाणूवरून उभ्या समांतर रेघा गेल्या होत्या, वखर फिरवावा तशा. मॅडमनी प्राचार्यांपुढे फोटो ठेवला आणि सांगितलं, "हा रुमाल हाये."

सुरीला परत धार लावायची तर ती परदेशी पाठवावी लागते. आमच्या शिक्षणसंस्थेने ते करायचं ठरवलं, पण आधी सुरी कशी बिघडली याची नोंद हवी. त्यासाठी समिती नेमली गेली. आमच्याकडे जे सर्वांनी पाहिलं आहे ते शोधून काढायला नेहमी समिती लागते. समितीने मॅडमसाठी निवेदन आधीच तयार करून ठेवलं: परिचराने निष्काळजीपणे सुरी हाताळल्याने नुकसान झाले. मॅडमनी खाली सही करायची. सुरी परदेशी जाणार, आबासाहेबांचं नाव राहणार. आणि गजाभाऊचं कंत्राट दिवाळीनंतर संपतच होतं. ते तसंच संपू द्यायचं होतं.

समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी गजाभाऊ खोलीत येऊन उभा राहिला. मी तिथे होतो. त्याने मॅडमला सही करून टाकायला सांगितलं. आपण हात जोडू, चुकलं म्हणू, साहेब दयाळू आहेत, वर्षभराने परत घेतील, असं त्याचं गणित होतं. "मले नोकरी पायजे मॅडम," तो म्हणाला, "न्याय नाई."

मॅडम काचेची पट्टी पुसत होत्या. "दोन्ही पायजे म्हना ना, गजाभाऊ. मांगाले काय लागते?"

"तुमाले सोपं हाये."

"सोपं नाई. पन तुमी चुकलो म्हनाल, तर मंग खोटं कोन बोलून राह्यलं? तुमीच ना?" त्यांनी त्याला घरी जायला सांगितलं आणि उद्या कोणी काहीही विचारलं तर जे म्हणाला होतात तेच म्हणा, एवढंच बजावलं.

समितीपुढे प्राध्यापकांचा प्रतिनिधी म्हणून मला बसवलं होतं. मी इतिहासाचा, त्यामुळे निरुपद्रवी. मॅडमनी निवेदन वाचलं आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. प्राचार्य फार मऊ आवाजात बोलत. त्यांनी मॅडमना समजावलं की विषय नाजूक आहे, पूजेचा आहे. मॅडमनी अध्यक्षांकडे बोट दाखवलं तर लोक वेगळा अर्थ काढतील. बौद्ध आहेत, यांना पूजेचं वावडंच आहे, म्हणून हे चाललंय, असं म्हणतील. आम्ही नाही, लोक.

मॅडमनी चष्मा पुसला. "आपण माझ्या धर्माची काळजी करू नये," त्या म्हणाल्या, आणि मी खुर्चीत सरळ झालो. "त्या खोलीत दर वर्षी पूजा होते. पूजेनं आजवर काही बिघडलं नाही. बोटानं बिघडलं."

कोणाचं बोट, हे सांगायला पुरावा हवा, असं समितीच्या दुसऱ्या सदस्याने म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "आपण सगळे येताना त्याच्याखालून आलात."

आणि ते खरं होतं. कमानीखाली दोन बांबूंना दसऱ्यापासून फ्लेक्स लावलेला होता. त्यावर आबासाहेब, पुरुषभर उंच, हिऱ्याच्या सुरीच्या धारेवर कुंकवाचं बोट टेकवून कॅमेऱ्याकडे पाहत होते. खाली लाल अक्षरांत: विज्ञानाला संस्कारांची जोड. डाव्या हातातला रुमालही स्पष्ट होता. दिवसातून दोनदा सगळं महाविद्यालय त्याच्याखालून जात होतं आणि सुरी कोणी बिघडवली याचा विचार करत होतं.

समितीने चहा मागवला. चहा येईपर्यंत प्राचार्य बाहेर जाऊन फोनवर बोलून आले, आणि चहा संपेपर्यंत गेटवर शिडी लागली होती. फ्लेक्स उतरवायला कोणाला चढवलं असेल? गजाभाऊला. मॅडम खिडकीतून ते पाहून उठल्या, गेटवर गेल्या आणि त्यांनी शिडी धरली. आम्ही मागोमाग गेलो. गजाभाऊ वर दोऱ्या सोडत होता, खाली मॅडम दोन्ही हातांनी शिडी धरून वर पाहत सांगत होत्या, "सावकाश. फाडू नका. नीट घडी करून घेऊ." उतरल्यावर दोघांनी मिळून चादरीसारखी घडी घातली आणि मॅडम ती काखेत मारून खोलीकडे निघाल्या. प्राचार्य मागून म्हणाले, मॅडम, ते संस्थेचं आहे. त्या न थांबता म्हणाल्या, "खोलीही संस्थेचीच आहे. तिथंच ठेवते."

समितीचा अहवाल अजून यायचा आहे. गजाभाऊचं कंत्राट दिवाळीनंतर काही न बोलता पुढे चालू झालं. सुरी मात्र परदेशी गेली नाही. सही नाही तर खर्चही नाही, असं ठरलं. मॅडमनी तिच्याबद्दल पुन्हा विचारलं नाही. हिऱ्याच्या सुऱ्या सर्रास होण्याआधी लोक काचेवर काम करत. त्या काचेवर गेल्या. रोज सकाळी जाड काचेची पट्टी घ्यायची, तिच्यावर ओरखडा काढायचा आणि दाब देऊन तिरकी मोडायची. मोडलेल्या कोपऱ्याला जी धार येते ती काही वेळ टिकते. ती गेली की दुसरी मोडायची. व्हरांड्यातून जाताना तो बारीक टक् ऐकू येई. चांगली धार नसेल तर पुन्हा टक्. एका कापासाठी जिथे सकाळ पुरत असे तिथे दिवस जाऊ लागला. "हात दुखत नाहीत का?" असं मी एकदा विचारलं. "दुखतात ना," त्या म्हणाल्या, "पन रेघ नाई पडत." त्या वर्षीचे फोटो मी पाहिले. जिवाणू शेजारी शेजारी, भरगच्च, स्वच्छ होते. वार्षिक स्नेहसंमेलनात आबासाहेबांनी ते पडद्यावर दाखवून हिऱ्याच्या सुरीचा गौरव केला. मॅडम दुसऱ्या रांगेत बसून होत्या. टाळ्या त्यांनीही वाजवल्या, जरा जास्तच वेळ, बाकीचे थांबल्यावरही.

आता त्या निवृत्त होऊन कामरगावला असतात. निरोप समारंभाला मी हजर नव्हतो, आणि त्याही नव्हत्या, असं ऐकलं. माझ्या डोळ्यांपुढे त्या येतात त्या त्यांच्या शेवटच्या खंडेनवमीच्या.

त्या दिवशी गजाभाऊ रिकाम्या हाताने आला. मॅडमनी फुलं विचारली. तो म्हणाला, यंदा राहू द्या. काहून, असं त्यांनी विचारल्यावर जमिनीकडे पाहत म्हणाला, "भेलो, मॅडम. मांगच्या वर्षी पूजेपायी एवढं झालं."

"पूजेपायी नाई झालं," त्या म्हणाल्या. "आन तुमी भेऊन पूजा सोडली, तर ते त्याईचीच झाली ना? जा, फुलं घेऊन या. मी हाये इथं."

तो फुलं घेऊन आला आणि आत गेला. मॅडमनी स्टूल उचललं, दाराच्या बरोबर मध्ये ठेवलं आणि चपला घालूनच त्यावर बसल्या, पाठ खोलीकडे, तोंड व्हरांड्याकडे. थोड्याच वेळात आबासाहेब आले. मागे प्राचार्य, फोटोग्राफर आणि मी. मला फोटोत गर्दीसाठी बोलावलं होतं.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, साहेब आलेत."

"आत पूजा चालू आहे," मॅडम म्हणाल्या. सगळे ण आणि ळ जागच्या जागी होते. "गजाननरावांची. आपण थांबावं."

आबासाहेब हसले. आम्हीही हात जोडू म्हणाले.

"जोडा की. इथून दिसतं."

फोटोग्राफरने कॅमेरा वर केला, डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. कुठूनही पाहिलं तरी मधोमध मॅडमच येत होत्या. त्याने कॅमेरा खाली घेतला. आबासाहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग, इतके लोक पाहताहेत म्हटल्यावर, हात जोडले.

आत गजाभाऊ टेबलाच्या पायाशी बसला होता. एका पायाला कुंकू लावायला त्याला एरवी कितीसा वेळ लागे. त्या दिवशी त्याने चारही पायांना लावलं, एकेक करून, मध्ये थांबून, आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मॅडमनीही पाहिलं नाही. व्हरांड्यात आम्ही सगळे उकाड्यात पूजा संपायची वाट पाहत उभे होतो.